नाममुद्रा: वसई-विरारच्या स्वतंत्र गायकाची वाट

ज्या गाण्याचे ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसते, ज्याचा खर्च गायक, गीतकार किंवा संगीतकार स्वतःच्या खिशातून करतो आणि जे कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी व कोणत्या मार्गाने लोकांपुढे न्यायचे हे तोच ठरवतो, त्या गाण्याच्या कर्त्याला आजच्या संगीतव्यवसायात स्वतंत्र कलाकार म्हटले जाते. या व्याख्येने पाहिले तर वसई-विरारच्या पट्ट्यात स्वतंत्र कलाकार ही काही नवी चीज नव्हे, कारण लग्नाच्या मांडवात धवले गाणारी धवलारीण, बँजो पार्टीचा मालक, ख्रिस्ती वरातीपुढे चालणाऱ्या ब्रास बँडचा मास्तर आणि भाताची कापणी आटोपल्यावर तारपा फुंकणारा वारली वादक यांपैकी कोणीही कधी ध्वनिमुद्रण कंपनीच्या पगारावर नव्हते. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी ज्या ध्वनिमुद्रणासाठी मुंबईच्या स्टुडिओत तारीख मिळवावी लागे ते आता नालासोपाऱ्याच्या एका खोलीत, संगणक, मायक्रोफोन आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी छोटी पेटी एवढ्या सामग्रीवर होते आणि तयार झालेले गाणे काही दिवसांत जगभरच्या श्रवणसेवांवर पोहोचते. मात्र गाणे पोहोचणे आणि गाणाऱ्याचे नाव पोहोचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्रांनी सोपी केली आहे, दुसरी जवळजवळ पूर्वीइतकीच अवघड राहिली आहे, आणि स्वतंत्र कलाकाराच्या प्रसिद्धीचा खरा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीशी निगडित आहे.

हा प्रश्न वसईत विशेष तीव्र का आहे, हे समजण्यासाठी या प्रदेशाची घडण लक्षात घ्यावी लागते. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला आणि २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर पोहोचलेली होती. रेल्वेच्या पूर्वेला देशभरातून आलेल्यांची दाट वस्ती, पश्चिमेला वाड्या, बागायती आणि कोळीवाडे अशी साधारण रचना असलेल्या या शहरात वाडवळी, कोळी, आगरी, सामवेदी म्हणजेच कादोडी आणि डोंगराकडे वारली अशा बोली आजही घराघरांत बोलल्या जातात. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, येथे पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या दोनशे वर्षांत बाटलेल्या कुटुंबांनी धर्म बदलला तरी बोली, दागिने आणि लग्नविधींतले पुष्कळसे जुने राखले, त्यामुळे चर्चमधील गायकवृंद आणि मांडवातील लोकगीत या दोन्ही परंपरा एकाच घरात नांदताना दिसतात. इतक्या बोली आणि इतके विधी म्हणजे गाण्यांचा सुकाळ. पण या सुकाळात गाण्यांवर मालकी सांगण्याची सवय मात्र कधी रुजली नाही.

धवलारीण जे धवले गाते ते तिने तिच्या सासूकडून किंवा मावशीकडून घेतलेले असतात, वराच्या आणि वधूच्या नावांसाठी त्यांत मोकळी जागा ठेवलेली असते, प्रत्येक लग्नात ती त्यांत चार शब्द घालते आणि दोन गाळते, आणि या साऱ्या कर्तृत्वाबद्दल तिच्या नावाची नोंद कोठेही होत नाही. तारप्याचेही तसेच. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, मेण आणि ताडाची पाने यांपासून बनलेले हे वाद्य अखंड श्वासावर वाजवणाऱ्या वादकांपैकी जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे एखादे नाव जिल्ह्याबाहेर ओळखले गेले, बाकीचे वादक ‘तारपा नृत्य’ या चित्रओळीमागे राहिले. लोकपरंपरेची ही निनावी वृत्ती इतकी पक्की आहे, की नावाजलेल्या कर्त्यांची गाणीही ती गिळून टाकते. ‘मी डोलकर’ हे गाणे शान्ता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकर यांनी त्याला चाल दिली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी ते गायले, ही माहिती सहज उपलब्ध असूनही ते कोळ्यांचे जुने पारंपरिक गीत आहे असे समजणारे श्रोते आजही भेटतात. गीतकाराच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही, असे म्हणता येईल; परंतु ज्याची पुढची सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे बोलावणे, मागच्या गाण्याच्या ओळखीवर अवलंबून आहे त्याला ही पावती परवडत नाही.

गाण्याबरोबर कर्त्याचे नाव जावे यासाठी जुन्या काळाने एक उत्तम तोडगा काढला होता. छापखाना नव्हता आणि गाणे तोंडातोंडीच पसरणार हे ठाऊक होते, म्हणून संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले आणि त्याला नाममुद्रा म्हटले गेले. पेशवाईतील शाहिरांनी त्यापुढे जाऊन लावणी-पोवाड्याच्या अखेरच्या कडव्यात कवीचे नाव, गुरूचे नाव, सुरेल गळ्याच्या साथीदाराचे नाव आणि पुष्कळदा गावही घातले. ही मुद्रा गाण्याच्या वजनात आणि यमकात बसवलेली असल्यामुळे ती काढून टाकली तर गाणेच लंगडे होई. ग्रामोफोन आल्यावर तोच हेतू दुसऱ्या रीतीने साधला गेला: १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले, कारण मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जाणार होत्या आणि तेथील कामगारांना कोणत्या तबकडीवर कोणाची चिठ्ठी लावायची हे कानांनीच कळणार होते. पुढे नाव चिठ्ठीवर छापले जाऊ लागले आणि त्याला कायद्याचाही आधार मिळाला. भारताच्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने घातलेल्या ५२-अ या कलमानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ते मुद्रित करणाऱ्याचे नाव-पत्ता, कृतीच्या प्रताधिकाराच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे बंधनकारक आहे. (प्रताधिकार म्हणजे कृतीच्या प्रती काढण्याचा, ती सादर करण्याचा आणि लोकांपर्यंत पोहोचवण्याचा कर्त्याचा कायदेशीर हक्क.)

कॅसेटच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकापासून पुढची वीसएक वर्षे, हे वेष्टन स्वतःच जाहिरात होते. वेसाव्याच्या शाहीर काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कोळीगीते घराघरांत नेली, त्यात गाण्यांइतकाच वाटा कॅसेटच्या आवरणावर ठळक छापलेल्या गावाच्या आणि मंडळींच्या नावाचा होता, ऐकणाऱ्याला लग्नासाठी हीच मंडळी हवी असतील तर कोठे विचारायचे हे त्या आवरणावरून कळत असे. त्यानंतर आलेल्या एमपी-३ आणि पेन ड्राइव्हच्या दिवसांनी मात्र ही व्यवस्था मोडीत काढली. शंभर-दीडशे गाणी एका चिमुकल्या तुकड्यावर भरताना आवरण गेले, चिठ्ठी गेली, उरले ते ‘ट्रॅक ०१’ किंवा ‘हळदी नॉनस्टॉप’ असे धारिकेचे नाव, आणि एका संपूर्ण पिढीची गाणी रिक्षांमध्ये व मांडवांमध्ये वाजत राहिली तरी ती कोणाची हे सांगणारा कोणी उरला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाईलवरचा डेटा स्वस्त झाला तेव्हा हेच निनावी संग्रह यूट्यूबवर चढले, आणि अनेक मूळ गायकांना आपल्या गाण्याचे लाखो श्रोते परक्याच्या चॅनेलवर मोजले जाताना पाहावे लागले.

आजची नाममुद्रा कडव्यात किंवा वेष्टनावर नसते. ती गाण्याच्या धारिकेसोबत भरून दिलेल्या नोंदींमध्ये असते. स्वतंत्र कलाकाराला आपले गाणे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, गाना यांसारख्या श्रवणसेवांवर सहसा थेट ठेवता येत नाही, त्यासाठी वितरक नावाचा मध्यस्थ लागतो, जो वार्षिक शुल्क घेऊन किंवा उत्पन्नात टक्केवारी ठेवून एकच धारिका सर्व सेवांना पाठवतो आणि त्यांच्याकडून आलेला पैसा कलाकाराच्या खात्यात जमा करतो. वितरकाच्या अर्जात गाण्याचे नाव, गायक, गीतकार, संगीतकार, भाषा, प्रकार, मालकाचे नाव आणि वर्ष असे रकाने असतात, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा जागतिक क्रमांक दिला जातो. मोटारीच्या नोंदणी क्रमांकासारखा हा क्रमांक त्या एका ध्वनिमुद्रणालाच चिकटलेला असतो, वितरक बदलला तरी तोच पुढे न्यायचा असतो. तो न नेता नवा घेतला तर जुनी श्रोतेसंख्या शून्यावर येण्याचा धोका असतो आणि एकाच गाण्याची दोन भुते हिंडू लागतात.

वसईत या रकान्यांची गंमत, आणि डोकेदुखी, नावांपासूनच सुरू होते. येथे घोन्साल्विस हे आडनाव रोमन लिपीत दोनतीन रीतींनी लिहिले जाते, लोपीस आणि लोपेझ यांत पुढची पिढी मागच्या पिढीशी सहमत नसते, तुस्कानो, परेरा, रॉड्रिग्ज यांचे स्पेलिंग बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक आणि आधार कार्डावर दुसरे असते. पहिल्या गाण्याच्या वेळी एक स्पेलिंग आणि दुसऱ्याच्या वेळी दुसरे लिहिले, की श्रवणसेवेच्या लेखी ती दोन माणसे होतात आणि एकाच्या चाहत्याला दुसऱ्याचे गाणे दाखवले जात नाही. उलट बाजूने, पाटील, म्हात्रे, भोईर, डिसोजा अशी आडनावे इतकी सर्वत्र आहेत, की त्याच नावाच्या दुसऱ्या गायकाचे गाणे आपल्या पानावर येऊन बसते, आणि ते हलवण्यासाठी वितरकाकडे अर्ज करून आठवडे मोजावे लागतात. म्हणून ज्याला या व्यवसायात टिकायचे आहे त्याने पहिल्या गाण्याआधीच एक रंगनाव ठरवावे, ते आधीपासून कोणी वापरत नाही याची श्रवणसेवांवर खात्री करून घ्यावी, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत त्याचे एकच रूप कायम करावे आणि तेच यूट्यूब, इन्स्टाग्राम, भित्तिपत्रक आणि देयकावर सर्वत्र लावावे. गाव जोडण्याची शाहिरांची युक्ती येथेही कामी येते, कारण ‘आगाशीकर’ किंवा ‘अर्नाळकर’ अशी जोड नावाची गर्दी टाळते आणि श्रोत्याला पत्ताही सांगते.

ही नोंद चोख ठेवल्याने पैसा लगेच वाढतो असे नव्हे, आणि या बाबतीत नवख्यांच्या मनात जी चित्रे असतात ती पुसून टाकलेली बरी. श्रवणसेवा एका ऐकण्याला ठराविक दर देत नाही. वर्गणी आणि जाहिरातींतून आलेली रक्कम एकत्र करून तिचा मोठा हिस्सा, स्पॉटिफायच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश, हक्कदारांमध्ये ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, आणि भारतात वर्गणी कमी व फुकट ऐकणारे जास्त असल्याने एका ऐकण्याच्या वाट्याला पैशांचेही अंश येतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या ध्वनिमुद्रणाला बारा महिन्यांत किमान १,००० ऐकणी मिळत नाहीत त्याला या वाटणीत हिस्साच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन, किंवा नव्वद दिवसांत लघुचित्रफितींची एक कोटी दर्शने ही अट पुरी करावी लागते. कादोडी बोलीतले गाणे करणाऱ्याच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे जवळजवळ साऱ्या समाजाने मिळून ते गाणे पुन्हापुन्हा ऐकण्याची मागणी आहे.

त्यात हळदीच्या गाण्याची गोष्ट आणखी निराळी. उत्तर कोकणात हळदीची रात्र ही संगीताची सर्वांत मोठी बाजारपेठ असली तरी प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधींच्या प्रसंगी होणाऱ्या सादरीकरणाला जी सूट आहे तिच्या स्पष्टीकरणात वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचा समावेश केलेला आहे. म्हणजे डीजेने रात्रभर एखाद्याचे गाणे वाजवले तरी त्या वाजवण्याबद्दल गीतकाराला, संगीतकाराला किंवा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काही देणे लागत नाही, असा या तरतुदीचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. या सवलतीच्या सीमा किती रुंद धरायच्या यावर वाद चालूच आहेत आणि गोवा सरकारने या विषयावर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्दही केले. तरीही ‘गाणे लग्नात गाजले’ याचा अर्थ ‘गाण्याने कमावले’ असा होत नाही, एवढे निश्चित. गाजलेले गाणे कमावते ते पुढच्या पायरीवर: ज्याच्या हळदीत ते वाजले त्याचा मावसभाऊ आपल्या हळदीला मूळ गायकालाच बोलावतो, तेव्हा. पण त्या मावसभावाला गायकाचे नाव आणि फोन क्रमांक सापडला तरच; तो सापडला नाही तर तो विरार फाट्यावरच्या कोणत्याही ऑर्केस्ट्राला तेच गाणे गायला लावतो आणि बिदागी तिकडे जाते.

म्हणून स्वतंत्र कलाकाराच्या प्रसिद्धीकडे सुपारी मिळवण्याचे साधन म्हणून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि एकदा असे पाहिले की काय लिहायचे, काय दाखवायचे हेही ठरून जाते. सुपारी देणारा, मग तो नवरदेवाचा काका असो, गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार असो वा डिसेंबरअखेर वसईत भरणाऱ्या कला-क्रीडा महोत्सवाचा कार्यकर्ता असो, गायकाचे चकचकीत गीतचित्र पाहून निर्णय घेत नाही. त्याला एका सलग, न कापलेल्या चित्रफितीत तो गायक प्रत्यक्ष मंचावर, भोवती माणसे असताना, कसा गातो हे पाहायचे असते. त्याखेरीज त्याला हवी असते ती अगदी व्यवहारी माहिती: पथकात किती जण आहेत, ध्वनियंत्रणा स्वतःची आणतात की मांडववाल्याची चालते, किती तास गातात, कोणत्या बोलीत गातात, विसार किती द्यावा लागतो आणि कार्यक्रम रद्द झाला तर त्याचे काय होते. ही माहिती एका पानात, एका छायाचित्रासह, नेहमी अद्ययावत तयार असावी आणि प्रत्येक गाण्याच्या वर्णनात पहिल्या दोन ओळींतच तिचा पत्ता असावा, कारण वर्णन पूर्ण न वाचणाऱ्याच्या नजरेस सहसा सुरुवातीचाच भाग पडतो. पुष्कळ गायक या जागी ‘लाइक करा, शेअर करा’ लिहून ती वाया घालवतात.

गाणे केव्हा बाहेर काढावे याविषयी जागतिक व्यवसायाचा एक संकेत आहे. जुलै २०१५ पासून मोठ्या कंपन्यांची नवी गाणी शुक्रवारी प्रकाशित होतात, आणि स्पॉटिफायवर संपादकांच्या विचारार्थ गाणे पाठवायचे तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवलेले असावे लागते. यातली दुसरी गोष्ट पाळावीच; पहिलीचे स्तोम माजवण्यात वसईच्या गायकाचा फारसा फायदा नाही, कारण येथल्या ऐकण्याचे वेळापत्रक वारावर नव्हे, पंचांगावर आणि चर्चच्या दिनदर्शिकेवर चालते. कोळीगीत नारळी पौर्णिमेआधी दोन-तीन आठवडे यायला हवे, एकवीरेचे गाणे चैत्राच्या यात्रेआधी, गणपतीचे गाणे श्रावण संपण्यापूर्वी, जीवदानीचे नवरात्राआधी. हळदीच्या गाण्याचा काळ तुळशीविवाहानंतर उघडतो; वसईच्या ख्रिस्ती समाजात मात्र नाताळपूर्व आगमनकाळ आणि ईस्टरपूर्व उपवासकाळ या दिवसांत सहसा लग्ने होत नाहीत, त्यामुळे तेथे नाताळ ते उपवासकाळाची सुरुवात आणि ईस्टर ते पावसाळा असे दोन हंगाम पडतात. दोन्ही समाजांत वाजेल असे गाणे करणाऱ्याला दोन्हींचे हंगाम जुळतात तो काळ सर्वांत फलदायी, हे बँजो पार्टीवाल्यांना कोणत्याही विपणनशास्त्राशिवाय पूर्वीपासून ठाऊक आहे.

लहान ठिकाणाहून, स्थानिक भाषेत आणि थोड्या सामग्रीवर केलेले गाणे दूर जाऊ शकते, याची उदाहरणे गेल्या दशकाने पुरेशी दिली आहेत. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ साली ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर मुद्रित आणि चित्रित केले. अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर २०१५ मध्ये आलेल्या ‘मेरे गली में’ने त्या गल्ल्यांना हिंदी चित्रपटापर्यंत नेले. स्वदेसी या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये आरे येथील आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली गीत आणि रॅप यांची सांगड घातली, आणि पालघरच्या तरुणांनी त्यातून घेण्यासारखा धडा असा, की लोकगायकाचे नाव तेथे ‘पारंपरिक’ या शब्दाआड न जाता श्रेयात स्वतंत्र झळकले. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ आणि क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ ही दोन्ही गाणी २०२४ मध्ये मराठीबाहेर गाजली. दुसरे तर स्पिनिन रेकॉर्ड्स या मूळच्या डच कंपनीने प्रकाशित केले. मात्र ही उदाहरणे अपवादाची आहेत आणि प्रत्येकामागे आधीच्या न गाजलेल्या गाण्यांची रांग असते. त्यांवरून अनुकरणीय काही असेल तर ते आकडे नव्हेत, गाणे कोणाचे आहे याविषयी पहिल्या दिवसापासून राखलेली स्पष्टता होय.

श्रोत्यांची यादी कोणाच्या हातात आहे, हा पुढचा मुद्दा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील असंख्य गायक-नर्तकांचे अनुयायी एका संध्याकाळी नाहीसे झाले, कारण त्या अनुयायांची नावे किंवा क्रमांक कलाकारांकडे कधी नव्हतेच. ते कंपनीकडे होते. कोणत्याही समाजमाध्यमाबाबत ही जोखीम कायम असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर संमतीने घेतलेल्या क्रमांकांची स्वतःची वही राखणे हा जुनाट वाटणारा मार्ग अजून सर्वांत भरवशाचा आहे. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत एका वेळी २५६ क्रमांकच बसतात आणि ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोहोचतो, ही मर्यादा त्रासाची वाटली तरी तिचा एक उपयोग आहे: ज्यांनी क्रमांक साठवला तेच खरे श्रोते, हे त्यातून आपोआप गाळून निघते. असे दोन-अडीचशे श्रोते नव्या गाण्याच्या पहिल्याच दिवशी ते पूर्ण ऐकतात, तेव्हा श्रवणसेवांच्या शिफारसयंत्रणेला ते गाणे कोणत्या प्रकारच्या श्रोत्याला दाखवावे याचा अंदाज येतो, जो विकत घेतलेल्या दर्शनांनी येत नाही, उलट बिघडतो.

वसईत छापील शब्दाची ताकदही अजून शिल्लक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनी दीर्घकाळ संपादित केलेले ‘सुवार्ता’ मासिक असो वा तालुक्यातील नियतकालिके, धर्मग्रामांची पत्रके व ज्ञातीसंस्थांचे अंक असोत, ही प्रकाशने ज्या घरांत जातात त्याच घरांत लग्नाचे निर्णय होतात. तेथे ‘नवे गाणे ऐका’ अशी जाहिरात देण्यापेक्षा गाण्यात आलेला एखादा विसरत चाललेला विधी, एखादे शेतीचे अवजार किंवा मासेमारीची एखादी रीत यांवर दोन पानांचा लेख लिहून देणाऱ्या गीतकाराची आठवण अधिक काळ राहते, आणि असा लेख संपादकालाही हवाच असतो. गाण्याची गोष्ट लिहून ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की वर्ष, स्थळ आणि साथीदारांची नावे असलेला तो मजकूर पुढे मालकीचा वाद उद्भवला तर पुराव्याच्या कामी येतो.

असे वाद घरच्या घरीही उद्भवतात. चार मित्र एकत्र येऊन गाणे करतात, शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, संगीतसंयोजन तिसऱ्याचे, खर्च चौथ्याचा. गाणे चालले नाही तर मैत्री टिकते, चालले तर मोडते. कायद्याच्या दृष्टीने येथे दोन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द व चाल ही कृती, आणि तिचे ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात मास्टर म्हणतात. जून २०१२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात समाविष्ट कृतींच्या वापराबद्दल मिळणाऱ्या मानधनातील गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा सुरक्षित केला, म्हणजे तो सोडून दिल्याची अट करारात घातली तरी ती टिकत नाही. हा पैसा गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आणि २०१७ मध्ये प्रताधिकार संस्था म्हणून पुन्हा नोंदणीकृत झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. वितरक जो पैसा देतो तो मास्टरचा, या संस्थेकडून येतो तो कृतीचा, आणि पहिला घेऊन दुसऱ्यासाठी सदस्यत्वच न घेणारे गीतकार वसईतच नव्हे, सर्वत्र आढळतात. चौघांनी ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच एका कागदावर आपापले वाटे आणि श्रेयनामे लिहून सह्या केल्या तर पुढचा बराचसा मनस्ताप वाचतो. शिवाय कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला, आणि ३८-ब हे कलम सादरकर्त्याला, आपल्या नावाचा उल्लेख मागण्याचा हक्क देते, जो कृतीचे इतर हक्क विकून टाकले तरी शाबूत राहतो.

शेवटचा मुद्दा परंपरेशी असलेल्या व्यवहाराचा, कारण या पट्ट्यातील बहुतेक नवी गाणी कोठे ना कोठे जुन्या धवल्यावर, कोळीवाड्याच्या चालीवर किंवा गौरीच्या गाण्यावर उभी असतात. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे, जी मालकाने जमा केलेल्या ध्वनिमुद्रणाशी नव्या चित्रफितींतला आवाज ताडून पाहते आणि जुळला तर त्या चित्रफितीचे उत्पन्न मालकाकडे वळवते किंवा ती अडवते. एखाद्या गायकाने पारंपरिक गीत मुद्रित करून गीतकार-संगीतकार म्हणून स्वतःचेच नाव भरले, की त्याच्या वितरकामार्फत ही यंत्रणा तेच गीत गाणाऱ्या इतरांवर, कधी कधी ज्या वाडीतून ते आले तेथल्याच महिला मंडळाच्या चित्रफितीवर, दावा ठोकते. मंडळाला त्याचे उत्तर देण्याची रीत ठाऊक नसते आणि चित्रफीत गुपचूप काढून टाकली जाते. प्रताधिकार जुन्या चालीवर मिळत नाही, तो मिळतो नव्या शब्दांवर, नव्या संगीतसंयोजनावर आणि नव्या ध्वनिमुद्रणावर. म्हणून नोंदीच्या रकान्यात ‘मूळ पारंपरिक’ असे लिहून संयोजकाच्या जागी स्वतःचे नाव घालणे, आवाज जुळवण्याची यंत्रणा अशा गाण्यापुरती बंद ठेवण्यास वितरकाला सांगणे, आणि ज्या धवलारणीच्या तोंडून ते घेतले तिचे नाव व गाव तिच्या संमतीने वर्णनात देऊन उत्पन्नातील तिचा वाटा कागदावर ठरवणे ही रीत वसईतील ज्या पथकांनी लावून घेतली त्यांना पुढच्या गाण्यासाठी त्या घरांची दारे उघडी राहतात.